गोधडीचा तास

या व्यासपीठावर मी गोधडीविषयी बोलणार असे कळल्यावर आमच्या युनियनच्या कचेरीत चांगलाच हशा झाला. पगारवाढ, बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगारांचे हाल या विषयांवर बोलण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने सुईदोऱ्यावर काय बोलावे? एक जुने सहकारी म्हणाले, "आता तुम्ही निवृत्त व्हा म्हणजे झाले!" मीही हसलो. पण विषय मी विचार करूनच निवडला आहे, आणि शेवटी तो आमच्याच दाराशी येऊन थांबतो, हे आपल्या लक्षात येईल.

माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्रीय विवेचनाची अपेक्षा माझ्याकडून करू नये. मी तीन गोष्टी सांगणार आहे: गोधडी कशी होते, तिला वेळ किती लागतो, आणि तो वेळ कोणाचा असतो. यातल्या तिसऱ्या गोष्टीसाठीच पहिल्या दोन आहेत.

निमित्त घरातलेच आहे. गेल्या वर्षी माझी लेक बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. बाळ दोन महिन्यांचे झाले तेव्हा एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आजीची जुनी लुगडी ट्रंकेत आहेत ना? मला द्या. बाळासाठी दुपटे शिवीन म्हणते." मी म्हटले, "अगं, बाजारात दुपटी ढिगाने मिळतात. तू आधीच जागरणाने थकलेली. हा उद्योग कशाला?" ती म्हणाली, "उद्योग नाही बाबा, छंद म्हणून." हा शब्द मला खटकला. आमच्या घरात सुई कधी छंदासाठी चाललेली मी पाहिली नव्हती. निदान माझी तशी समजूत होती. ती समजूत कशी चुकीची ठरली, तेही पुढे सांगतो.

आधी गोधडी म्हणजे काय ते पाहू. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे थर एकमेकांवर घालायचे आणि धावदोऱ्याने ते एकत्र बांधायचे, एवढेच तिचे शास्त्र. माझी आई साताऱ्याकडची. ती 'वाकळ' म्हणे. चाळीतल्या कोकणातल्या बाया 'गोधडी' म्हणत. तान्ह्या मुलाची ती 'दुपटे'. दोन पटांचे म्हणून दुपटे. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची यांच्याबरोबर तिचा मान असतोच. ही काही आपल्याच मुलखाची मिरास नव्हे. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे, आणि ती तर नव्या जन्मलेल्या मुलासाठी जुन्या साड्यांची करण्याची रीत आहे. कर्नाटकात सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. जिथे कापड महाग आणि हात कष्टाळू, तिथे गोधडी जन्मली आहे. आपल्याकडे तर एक महापुरुष तिच्याच नावाने ओळखला गेला. गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचे वस्त्र घालत म्हणून लोक त्यांना 'गोधडे महाराज' म्हणत. फाटक्या कापडाला लाजू नये, मळलेल्याला लाजावे, हा धडा त्यांच्याकडे पाहूनच लोक शिकले.

आता कृती. पहिले काम निवडीचे. जुने कापड उजेडासमोर धरावे. जिथे ते विरले असेल तिथे उजेड जास्त येतो. तो भाग काढून टाकावा किंवा मधल्या थरात घालावा. सहसा बसण्याच्या जागी कापड आधी विरते. पदराकडचा भाग त्या मानाने शाबूत असतो. काठ वेगळे काढून ठेवावेत, ते शेवटी कडेला लावले म्हणजे कड लवकर झिजत नाही. बाळासाठी निव्वळ सुतीच घ्यावे. नायलॉन आणि तसले कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही आणि बाळाच्या अंगाला बोचते. जरीचा भाग मुळीच नको. एखादा थर नव्या कापडाचा असेल तर ते आधी पाण्यातून काढून वाळवावे. नाहीतर पहिल्या धुण्यात नवे कापड आटते, जुने आटत नाही, आणि सगळे दुपटे चुण्या पडून आखडते. रंग जाणारे कापड मिठाच्या पाण्यात टाकले की काम झाले, असे पुष्कळजण मानतात. त्यावर विसंबू नये. ओला पांढरा फडका घासून पाहावा. त्याला रंग लागला तर ते कापड बाळासाठी घेऊ नये.

दुसरे काम थर बसवण्याचे. छत्तीस इंच लांब आणि तीस इंच रुंद हे माप दुपट्याला पुरते. वरचा आणि खालचा तुकडा चांगला, मध्ये एखादा विरलेला. याहून जाड नको. फरशी स्वच्छ पुसून त्यावर थर पसरावेत, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढाव्यात आणि चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. मग हातभर अंतराने मोठे कच्चे टाके घालावेत. या कच्च्या टाक्यांचा कंटाळा करणाऱ्याचे दुपटे हमखास वाकडे होते. चळवळीतही तसेच आहे: प्राथमिक सभासद नोंदणीचा कंटाळा केला की पुढचा मोर्चा वाकडा जातो!

तिसरे काम मुख्य शिलाईचे. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये; लांब दोरा गुंतत राहतो. गाठ आतल्या थरात ओढून घ्यावी म्हणजे बाळाला टोचत नाही. कडा आत दुमडून एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करावा आणि कडेकडेने फिरत मध्याकडे यावे. आमची आई असेच करी. कोणी सरळ ओळी घालतात, तेही चालते. टाके का घालायचे, हे मात्र समजून घेतले पाहिजे. दोरा केवळ शोभेसाठी नसतो. तो थरांना जागच्या जागी धरून ठेवतो, म्हणून धुताना आणि पिळताना आतला थर गोळा होत नाही. टाक्यांच्या दोन ओळींमध्ये थोडी हवा अडकून राहते, आणि तीच ऊब देते. जुने विरलेले कापड एकेकटे फाटते. टाक्यांनी बांधलेले तीन थर वर्षानुवर्षे टिकतात. यावर आणखी भाष्य करण्याची गरज नाही; मी युनियनचा माणूस आहे, आपण समजून घ्याल.

घरात तान्हे मूल असताना ही कामे कशी करावीत? इथे दोन-चार गोष्टी स्पष्ट सांगतो. सुया मोजून घ्याव्यात आणि मोजून ठेवाव्यात. संध्याकाळी एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत मुलाला जमिनीवर सोडू नये. लोहचुंबकाचा तुकडा डब्यात असला तर शोध सोपा जातो. टाचण्या वापरूच नयेत, कच्चे टाके पुरतात. बटणे, मणी, टिकल्या दुपट्याला लावू नयेत. सुटलेले बटण मूल तोंडात घालते आणि ते घशात अडकते. शिवता शिवता मूल रडले तर सुई कापडात खोचून न ठेवता डब्यात ठेवूनच उठावे. आणि एक गोष्ट आपल्या आज्यांना माहीत नव्हती, ती आज बालरोगतज्ज्ञ बजावून सांगतात: वर्षाच्या आतले मूल झोपलेले असताना त्याच्याजवळ जाड, सैल पांघरूण ठेवू नये. ते तोंडावर आले तर बाजूला सारण्याची ताकद त्याच्यात नसते आणि श्वास कोंडतो. म्हणून दुपटे पातळ करावे. जागेपणी अंथरायला, मांडीवर घ्यायला, बाहेर नेताना गुंडाळायला वापरावे. जाड गोधडी मूल मोठे झाल्यावर.

आता हिशेब. माझ्यासारख्या माणसाला हिशेबाशिवाय चैन पडत नाही. छत्तीस बाय तीस इंचांच्या दुपट्यावर एक इंच अंतराने ओळी घातल्या तर दोरा एकूण १०८० इंच चालतो. म्हणजे बरोबर ३० वार. सरळ ओळी घाला की कडेकडेने फिरवा, लांबी साधारण तेवढीच भरते. इंचाला चार टाके धरले तर ४३२० टाके. नवशिका हात मिनिटाला बारा टाके घालतो असे धरू. म्हणजे ३६० मिनिटे, सहा तास. मूल दुपारी झोपते आणि त्यातला अर्धा तास आईला मिळतो असे समजले, तर बारा दिवसांत दुपटे पुरे होईल. कापड निवडणे, धुणे, कच्चे टाके यांचा वेळ वेगळा. मोठ्या माणसाची सहा फूट लांब आणि चार फूट रुंद गोधडी, अर्ध्या इंचाच्या ओळींनी शिवायची तर ६९१२ इंच दोरा, २७,६४८ टाके आणि ३८ तास २४ मिनिटे. म्हणजे आठ तासांच्या जवळजवळ पाच पाळ्या! आता कोणी कौतुकाने म्हणाले, "छान शिवतेस, पाचशे रुपये घे आणि मला एक करून दे," तर तासाला तेरा रुपये पडतात. हा आकडा मी उदाहरणादाखल घेतला आहे, पण तो लक्षात ठेवा. त्याच्याकडे परत यायचे आहे.

लेकीचा 'छंद' हा शब्द मला खटकला असे म्हणालो. मी त्याचा अर्थ लावू लागलो. छंद कशाला म्हणावे? मला तीन कसोट्या सुचल्या. पहिली, मनात येईल तेव्हा ते काम थांबवता आले पाहिजे. दुसरी, टाके मोजणारा दुसरा कोणी असता कामा नये. तिसरी, तयार झालेली वस्तू करणाऱ्याच्या मर्जीची असली पाहिजे. ठेवावी, द्यावी, नाहीतर उसवून पुन्हा शिवावी. या तिन्ही कसोट्यांना उतरते ते छंद. एखादीला जरी उतरले नाही तर ते काम आहे. आणि काम असेल तर त्याला दाम आहे, वेळेची मर्यादा आहे, आजारपणाची रजा आहे. सुई तीच, दोरा तोच, हातही तेच. फरक पडतो तो तासाच्या मालकीचा.

हे मला पुस्तकात मिळाले नाही. हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. अर्थ मात्र फार उशिरा कळला.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील साचेखात्यात होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा आणि धाकटी बहीण सहा महिन्यांची. संपाआधी आई दुपारी, वडील पाळीवर आणि बहीण झोळीत असताना, दारात उजेडाला बसून तिचे दुपटे शिवत असे. शेजारच्या काकू येऊन बसत. सुई चाले आणि गप्पाही चालत. मध्येच आई दुपटे बाजूला ठेवून नुसती बसून राही. त्या वेळी मला वाटे, आईला काही काम नाही म्हणून ती शिवते. आज वाटते, दिवसभरात तेवढाच वेळ ती स्वतःची होती.

संप लांबला. पगार बंद, वाण्याची उधारी थकली. मग एका ठेकेदाराचा माणूस चाळीत काजे-बटणांचे काम घेऊन येऊ लागला. डझनावर दर. आईने ते घेतले. आता ती पहाटे चारला उठून शिवू लागली आणि रात्री आम्ही झोपल्यावर कंदील जवळ घेऊन शिवू लागली. बहीण रडली तरी हातातला सदरा संपल्याशिवाय तिला उठवत नव्हते. काकूही तेच काम करीत होत्या. पण आता गप्पा नव्हत्या. एकदा बहिणीने रांगत येऊन पाण्याचा तांब्या लवंडला, आणि बांधून ठेवलेल्या सदऱ्यांवर पाणी जाऊन डाग पडले. ठेकेदाराच्या माणसाने डाग दोन सदऱ्यांना असताना पुऱ्या डझनाचे पैसे कापले. आई काही बोलली नाही. बोलली असती तर दुसऱ्या दिवशी काम मिळाले नसते. त्या रात्री आईने बहिणीला मारले. सहा-सात महिन्यांच्या लेकराला! मग तीच तिला पोटाशी धरून रडत बसली. ती रात्र मी विसरलेलो नाही.

तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील परत गिरणीत गेले नाहीत. पुढे मी चळवळीत आलो, तो त्या दिवसांच्या रागातूनच. पण माझा राग गिरणीच्या दारावर होता. घराच्या दारात बसून काजे करणारी बाई कामगार आहे, हे माझ्याही ध्यानात आले नव्हते. एका सभेत मी आठ तासांच्या दिवसाविषयी तावातावाने बोलत होतो, तेव्हा मागून एक बाई उठून म्हणाल्या, "साहेब, तुमच्या आठ तासांत माझी शिलाई कुठं बसते?" मी गडबडलो. वेळ मारून नेण्यापुरते काहीतरी उत्तर दिले. त्या बाई खाली बसल्या. पण पुढच्या सभेला आल्या नाहीत. माझ्या कामातली ही चूक मी इथे उघडपणे कबूल करतो.

दुसऱ्यांनी मात्र ही गोष्ट आमच्या आधी ओळखली होती. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ साली 'सेवा' ही संघटना उभी केली. ज्यांना कोणी कामगारच मानत नव्हते, त्या स्त्रियांची ती युनियन. त्यांत एक गट चिंधीकाम करणाऱ्या बायांचा होता. गिरण्यांच्या चिंध्या व्यापाऱ्याकडून घरी आणायच्या, जोडून रजईच्या खोळी शिवायच्या आणि नगावर मजुरी घ्यायची. म्हणजे आपल्या गोधडीचीच बहीण, पण तास व्यापाऱ्याचा. या बाया संघटित झाल्या तेव्हा त्यांना मालकांकडून ऐकावे लागले ते सगळीकडचे ठरलेले वाक्य: या काही कामगार नव्हेत, रिकाम्या वेळी घरी बसून शिवतात! पाहा, 'रिकामा वेळ' हा शब्द कसा सोयीचा आहे. बाईचा वेळ रिकामा ठरवला की तिच्या मजुरीचा दर आपोआप खाली येतो. मघाचे तासाला तेरा रुपये आठवा. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला आणि घरी बसून दुसऱ्यासाठी काम करणारा माणूसही कामगारच आहे, असे जगापुढे मांडले. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

कोणी म्हणेल, यंत्र आले म्हणजे हा प्रश्न सुटतो. शिवणयंत्राला मी नावे ठेवत नाही. यंत्रांविषयी इतके साशंक असणारे गांधीजीसुद्धा सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानत. आपल्या देशात १९३५ साली कलकत्त्यात 'उषा' यंत्रे होऊ लागली आणि पुढे लग्नात मुलीला पायमशीन देण्याची रीत घरोघर पडली. यंत्राने टीप भराभर पडते, हात वाचतात, सारे खरे. पण वाचलेला वेळ बाईच्या पदरात पडला की दुसऱ्याच्या, हे यंत्र ठरवत नाही. ठेकेदार म्हणतो, आता तुझ्याकडे मशीन आहे, दर कमी कर. घरचे म्हणतात, आता तुझ्याकडे मशीन आहे, आमचेही कपडे शिव. यंत्र वेळ वाचवते. तो कोणाच्या नावावर मांडायचा, हे माणसांनाच ठरवावे लागते.

आणि वेळ कोणी आपणहून देत नाही, हे आमच्या चळवळीइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. अर्ज, सभा, गाऱ्हाणी करता करता १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या पहिल्याच कराराने १९१९ साली मांडले. बाळंतिणीच्या हक्काचेही तसेच. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९६१ चा केंद्रीय कायदा आला. त्याची बारा आठवड्यांची रजा २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांपुरती सव्वीस आठवडे झाली. हे एकेक पाऊल झगडून टाकले गेले आहे, आणि असंघटित क्षेत्रातल्या बहुसंख्य स्त्रियांच्या दारापर्यंत ते अजूनही पोचलेले नाही.

पण श्रोतेहो, मला आज एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. लोखंड्यांनी मिळवलेला तो रविवार कामगाराच्या बायकोला मिळाला काय? नवरा घरी असला म्हणजे स्वयंपाक दुप्पट, पाहुणे आले तर चौपट. गिरणीचा भोंगा रविवारी बंद राही. चूल बंद राहत नसे. तान्ह्या मुलाच्या आईला तर रात्रपाळीही आहे आणि दिवसपाळीही. बदली कामगार मात्र नाही. तिच्यासाठी मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा? तिचा मालक कोण? त्या दारावर गेलो तर आत आपणच बसलेले सापडू.

म्हणून या बाबतीत कायद्याची वाट न पाहता आपल्याला जे करता येईल ते सांगतो. एक, घरात लहान मूल असेल तर दिवसातला एक तास आईच्या नावाने ठरवून द्यावा. 'वेळ मिळाला तर' या बोलीवर नव्हे. जे 'वेळ मिळाल्यावर' करायचे ते कधीच होत नाही, हे आमच्या मागण्यांच्या फायली सांगतील. दोन, त्या तासात मूल दुसऱ्याने सांभाळावे. बापाने, आजोबांनी, काकांनी, जो घरी असेल त्याने. मुलाला घेण्यासाठी काही वेगळे शिक्षण लागत नाही. मला पंचावन्नाव्या वर्षी जमले. तीन, त्या तासात ती शिवेल, वाचील, नाहीतर झोपेल. तिला हिशेब विचारू नये. शिवलेच पाहिजे असे म्हटले की छंदाचे काम झाले. चार, आणि हे महत्त्वाचे, हात चांगला बसला की "एवढे सुंदर शिवतेस, मग विकत का नाहीस?" असे कौतुकाने म्हणू नये. तिला विकायचे असेल तर अवश्य विकावे. पण मग तासांचा हिशेब मांडून, कापड, दोरा आणि मजुरी धरून दर ठरवावा, आणि शक्य तर चारचौघींनी मिळून ठरवावा. एकटीने ठरवलेला दर पडतो, हा आमचा अनुभव आहे.

शेवटी लेकीच्या दुपट्याचे सांगून संपवतो. ट्रंक उघडली तेव्हा लुगड्यांच्या तळाशी घडी घालून ठेवलेले एक दुपटे निघाले. कडेकडेने टाके फिरत आलेले आणि मधला हात-दीड हात भाग कोरा. ते माझ्या बहिणीचे. संप सुरू झाला आणि ते तसेच राहिले. आईने टाकून दिले नाही आणि पुरेही केले नाही. मी बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, माझी मुले आता कॉलेजात आहेत. तिलाच पुरे करू दे."

मग रोज दुपारी साडेतीन ते साडेचार बाळ माझ्याकडे राहू लागले. पहिले दोन दिवस ते तासभर रडले, आणि लेक दर पाच मिनिटांनी उठून येई. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटले, "तू बस. हा माझा आणि त्याचा प्रश्न आहे." कचेरीत निरोप ठेवला की या वेळात सभा ठेवू नये. सहकाऱ्यांनी थट्टा केली, पण सभा पुढे ढकलल्या. लेकीला दुपटे पुरे करायला तीन आठवडे लागले. माझ्या हिशेबापेक्षा पुष्कळच जास्त, कारण काही दिवस ती नुसती खिडकीशी बसून राही. मी विचारले नाही.

आईचे टाके बारीक आणि एकसारखे आहेत. लेकीचे मोठे आणि जरा तिरपे. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते दुपटे हातात घेतले की लगेच कळते. लेक म्हणाली, उसवून नीट करू का? मी म्हटले, तुझी मर्जी. तिने तसेच ठेवले.

त्या सभेत उठून उभ्या राहिलेल्या बाईंना मला उत्तर देता आले नव्हते. आज देतो. बाई, दुसऱ्यासाठी केलेली तुमची शिलाई आठ तासांत बसलीच पाहिजे आणि तिचा पुरता दाम मिळालाच पाहिजे. त्यासाठी आम्ही तुमच्याबरोबर आहोत. आणि त्या आठ तासांबाहेर, चूल आणि मूल यांच्याबाहेर, एक तास असा हवा की ज्यात तुम्ही शिवले तर केवळ तुम्हाला वाटले म्हणून शिवले. तो तास मिळवणे हेही युनियनचेच काम आहे, आणि त्याची सुरुवात आम्हा पुरुषांच्या घरापासून व्हायची आहे.